डीकन होण्यासाठी लागणारा होकार

समस्त कात्रपवासीयांना आणि बदलापुरातील सुजाण जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एका रविवारी दुपारी, मटण दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर, माझ्या नवऱ्याला देवाच्या सेवेची हाक आली.

त्याला डीकन व्हायचं होतं. डीकन म्हणजे फादरच्या एक पायरी खाली. प्रवचन करता येतं, बाप्तिस्मा देता येतो, लोकांची लग्नं लावता येतात, आणि स्वतःचं लग्न झालेलं असलं तरी चालतं. फक्त बायकोचा होकार लागतो, तोही लेखी. हे ऐकल्यावर मी खुर्चीत जरा ताठ बसले. इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच कोणीतरी रीतसर विचारणार होतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. आठवडाभर त्याला अंबरनाथची कंपनी नेते. माझ्या वाट्याला येतो तो रविवारचा नवरा, तोही सोफ्यावर आडवा. तेवढाही चर्चला देऊन टाकायचा म्हटल्यावर मला विचार करायला वेळ हवा होता.

सासूबाईंना मात्र मी वेळ घ्यायलाच नको होता. लेकाला फादर करायचं त्यांचं स्वप्न होतं, आणि तो सेमिनरीत जायच्या बेतात असताना त्याला मी भेटले. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकदा देवाच्या आड आलीस ते आलीस. आता परत येऊ नकोस."

इकडे उमेदवाराने तयारी सुरू केली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर बोलायला उठला आणि "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणून त्याने त्यागावर प्रवचन केलं. टाकी राहिली बाजूला. मग मला घेऊन उल्हासनगरला गेला, कॅम्प दोनमध्ये पांढऱ्या झग्याचा भाव विचारायला. सिंधी दुकानदाराने मापाची टेप गळ्यात अडकवत विचारलं, "बच्चा कौनसी क्लास में है, साईं? फॅन्सी ड्रेस कब है?" मी कापडाच्या ठाणामागे तोंड लपवलं.

शेवटी फादर घरी आले. सासूबाईंनी ठेवणीतले कप काढले. फादरांनी मला शांतपणे सगळं समजावलं: अभ्यासाची वर्षं, जाणारे रविवार, लोकांची दुखणीखुपणी. मी मान डोलवत होते, पण हो काही म्हणत नव्हते. नवरा डोळे मिटून, हात जोडून बसला होता. चेहऱ्यावर इतकं पावित्र्य की त्याच्यासमोर मेणबत्ती लावावी.

"आणखी एक," फादर म्हणाले. "दीक्षा झाल्यावर समजा तुम्ही आधी गेलात, तर यांना पुन्हा लग्न करता येणार नाही."

यानंतर मी तिथल्या तिथे होकार दिला. सासूबाईंना वाटतं, त्यांच्या प्रार्थनेला फळ आलं. आमच्या चर्चमधल्या बायका माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करतात आणि मी ते नम्रपणे घेते. पण खरं कारण असं, की फादरांचं वाक्य पुरं होताच माझ्या नवऱ्याचे डोळे उघडले. या माणसाला देवाच्याच देखरेखीखाली ठेवलेलं बरं, हे मला त्याच क्षणी पटलं, कारण भरल्या घरात, आईसमोर, माझ्यासमोर तो बोलून गेला,

"दोन-तीन वर्षं थांबलो तरी नाही, फादर?"