मेतकूटवाली विधवा

मी जन्मात नोकरी केली नाही. घरी मसाले कुटले, डबे भरले आणि विकले. मुलाखतीचं पत्र एकदा आलं होतं, ते धण्याची पुडी बांधायला कामी आलं. नोकरीविषयीची ही अढी माझ्या मनात बसली ती आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत.

बाबा फोर्टातल्या एका विलायती कंपनीत कारकून होते. साहेबाचा विषय निघाला की घरातसुद्धा ते बसल्या जागी ताठ होत. आई मेतकूट आणि चकल्या करून विकायची. तिच्या मेतकुटाला वाडीत तोड नव्हती. बाबांच्या जेवणाच्या डब्यातून त्याचा वास ऑफिसभर गेला आणि सगळे मागायला लागले. पण कारकुनाच्या घरात जोडधंदा चालता कामा नये, असा कंपनीचा नियम. बाबांनी बेधडक सांगून टाकलं, "आमच्या वाडीत एक गरीब विधवा आहे, ती करते."

पुढे दोन वर्षं बाबा आपल्याच विधवेचे डबे ऑफिसात पोचवत होते. बिचारीला तेवढाच हातभार म्हणून लोक एकाऐवजी दोन डबे घ्यायचे. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, आपल्या हाताला चव आहे.

एका हरताळाच्या दिवशी ऑफिस बंद होतं. सगळी वाडी मोर्चाला गेली. बाबा गेले नाहीत, न जाणो कोणी बघितलं आणि साहेबाला कळलं तर! आईनं त्यांच्या हातात सोऱ्या दिला. "घरीच बसायचंय ना? मग चकल्या पाडा." बाबा बनियनवर पाडायला बसले.

तेवढ्यात दारात त्यांचे हेडक्लार्क आणि त्यांची बायको. दोघं ठाकूरद्वारला राहायची, सुट्टी मिळालीच आहे तर थोडं पुण्य पदरात पाडून घ्यावं म्हणून निघाली होती. बाईंच्या हातात एक पांढरं लुगडं होतं.

"मेतकूटवाल्या बाई कुठं राहतात हो?" त्यांनी विचारलं.

"मीच ती," आई म्हणाली.

बाईंनी आईच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बघितलं, मग हातातला हिरवा चुडा. "तुम्ही नव्हे हो," त्या चाचरत म्हणाल्या, "ज्यांचे यजमान वारलेत ना, त्या."

हेडक्लार्कांची नजर एव्हाना आत गेली होती. वारलेले यजमान पाटावर बसून चकली पाडत होते.

मी खो खो हसले. आई हसली नाही. तिनं पाहुण्यांना चहा दिला, लुगडं बाईंच्या हाती परत केलं आणि त्यांना हळदकुंकू लावून वाटेला लावलं. जिन्यात हेडक्लार्क बाबांना म्हणाले, "हे बंद करा. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

दार लागल्यावर आई बाबांसमोर येऊन उभी राहिली. "उद्या जाऊन सांगा, हे माझी बायको करते म्हणून."

"अगं, काढून टाकतील."

"टाकू देत. चकल्यांवर भागवू. पण तुम्ही धडधाकट असताना मी विधवा म्हणून जगायची नाही."

सकाळी ऑफिसला निघताना बाबांनी होकाराची मान हलवली. मी दिवसभर मनात ठरवत होते की नोकरी गेली तर बाबांना चकल्या नीट पाडायला कोण शिकवणार. खरं म्हणजे त्यांची नोकरी जावी, असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी ते आले. आई दारातच होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय?"

"ती बाई अचानक गेली म्हणून." बाबा खुर्चीवर टेकले. "सगळे फार हळहळले. दोन मिनिटं उभे राहिले. हेडक्लार्कसुद्धा."

मला बाबांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही. आईनं पदराला हात पुसले.

"दोन वर्षं मी विधवा होते," ती म्हणाली. "आज मेले. यात तुमचं काय झालं?"

बाबा बुटाची नाडी सोडत होते.

"नोकरी राहिली," ते म्हणाले.