भालचंद्ररावांचे चाळीसपट

बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत अकरावीला कॉमर्स शिकवणाऱ्या कालिंदी देवधर जन्मापासून कोलकात्याच्याच. फळ्यासमोर इंग्रजी, बाजारात बंगाली आणि घरी मराठी, असा त्यांचा दिवस विभागलेला. त्यातलं मराठी बोलायची संधी सगळ्यांत कमी मिळे, कारण घरात बोलायचं काम त्यांचे यजमान भालचंद्रराव करत.

भालचंद्रराव गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयातून, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. एका बोल्टची किंमत दहा पैशांनी चुकली तरी फाइल परत पाठवणारा माणूस. मात्र मराठी मंडळींत त्यांचं नाव होतं ते शेअरबाजारासाठी. २००३ साली त्यांनी एका रंगाच्या कंपनीचे दहा हजारांचे शेअर घेतले आणि एकवीस वर्षांत त्यांचे चार लाख झाले. ही हकिगत गणपतीत, कोजागिरीला, झालंच तर एका तेराव्यालाही सांगून झाली होती. 'चाळीसपट' म्हटल्यावर ते जरा थांबत. समोरच्यानं आ वासला की मगच पुढे जात.

गेल्या वर्षी कालिंदीबाईंनी वर्गाला प्रकल्प दिला: दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकींची तुलना.

"चाळीसपट, पन्नासपट ऐकून भुलायचं नाही," त्या म्हणाल्या. "वर्षाला किती टक्के, ते काढायचं. बाजाराच्या निर्देशांकाशी ताडून बघायचं, तारखा दोन्हीकडे त्याच. लाभांश धरायचा. आणि बुडालेल्या कंपन्या गाळायच्या नाहीत. वर्गाची सरासरी काढताना नापास मुलींना आपण घरी पाठवतो का?"

"नाही, मिस," मागच्या बाकावरून उत्तर आलं, जरा खेदानंच.

प्रकल्पासाठी खऱ्या माणसाची खरी गुंतवणूक हवी होती. घरी विषय निघाला तेव्हा भालचंद्ररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कपाटातून जाडजूड फाइल काढली. एकवीस वर्षांची प्रत्येक खरेदी-विक्रीची पावती, तारीखवार.

"घेऊन जा. अस्सल माल बघू दे पोरींना. नाव घालायलाही माझी हरकत नाही."

"सगळी फाइल देताय?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"लपवायचंय काय त्यात?"

ते मनापासून म्हणत होते. फाइलमध्ये काय आहे, हे त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

सायंतनी नावाची चष्मेवाली मुलगी तीन आठवडे त्या फाइलमध्ये बुडून गेली. एका दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन घुटमळली.

"मिस, एकोणीस कंपन्या आहेत. त्यातल्या सात आता अस्तित्वातच नाहीत."

"बरं."

"आणि ती रंगाची कंपनी… देवधर सरांनी त्यातले तीन चतुर्थांश शेअर २००६ मध्येच विकले. त्या पैशांतून प्लायवूडची कंपनी घेतली."

"तिचं काय झालं?"

"ती त्या सातांत आहे."

शेअर चाळीसपट झाला होता खरा. देवधरांच्या घरी त्या वाढीचा जेमतेम चौथा हिस्सा पोचला होता. सगळं धरून भालचंद्ररावांची कमाई वर्षाला सहा टक्के. निर्देशांकाची त्याच तारखांना दुपटीहून जास्त. बँकेतली मुदत ठेवसुद्धा त्यांच्या पुढे होती. कालिंदीबाईंनी आकडे दोनदा तपासले. इतकी वर्षं त्या हकिगतीला त्या मान डोलावत आल्या होत्या. आधी हसू आलं, मग नवऱ्याची दया आली आणि मग दोन्ही गिळून त्यांनी वहीवर 'बरोबर' अशी खूण केली.

मुख्याध्यापिका आभा सान्यालना मात्र पालकसभेची काळजी होती. "जरा प्रेरणादायी करा ना. फक्त सगळ्यांत जास्त वाढलेल्या पाच कंपन्या दाखवल्या तर?"

"मॅडम, हेच करायचं नाही, असं मी महिनाभर शिकवतेय."

पालकसभेला भालचंद्रराव इस्त्रीचा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसले. त्यांना सत्काराचं उत्तरीय आणि मिठाईचा खोका मिळाला. सायंतनीनं शहाणपण करून नाव टाळलं, 'एक ज्येष्ठ गुंतवणूकदार' म्हणाली. पण सभागृहात उत्तरीय घेतलेला ज्येष्ठ एकच होता. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक डोंगर चढत गेली आणि दुसरी पायथ्याशीच विसावली. टाळ्या मोठ्या झाल्या. भालचंद्ररावांनीही वाजवल्या, कारण सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

परतताना टॅक्सीत गडियाहाटपर्यंत त्यांनी मिठाईच्या खोक्याची दोरी दोनदा सोडून बांधली. मग म्हणाले, "सुरुवातीची तारीख चुकलीय. २००२ पासून धरायला हवं होतं."

"धरून पाहिलं मी," कालिंदीबाई हळूच म्हणाल्या. "मग साडेपाच येतात."

पुढचा आठवडा घरात फारच शांत गेला. कालिंदीबाईंना करमेना, एकदा तर त्यांनी स्वतःच रंगाच्या कंपनीचा विषय काढून पाहिला. नवव्या दिवशी भालचंद्रराव बँकेत गेले, उरलेसुरले शेअर विकायची व्यवस्था करून आले आणि सगळा पैसा निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाकला. महिन्याभरात तिथल्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान ठरलं.

"एकवीस वर्षं मी स्वतःच्या पैशांवर एक प्रयोग केला," ते माइकवर सांगत होते. "एकोणीस कंपन्या मुद्दाम निवडल्या. निष्कर्ष असा, की सामान्य माणसानं निर्देशांक सोडू नये."

'मुद्दाम' ऐकून मागच्या रांगेत कालिंदीबाईंना ठसका लागला. शेजारच्या उदय साठ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "वहिनी, काय अभ्यास आहे हो यांचा!"

त्या शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. उदयरावांच्या पत्नी हेमाताई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत पालकाच्या जुडीखाली फाइल होती.

"हे आंघोळीला गेलेत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "म्हणतात, माझे पंचवीसपट झाले. मला तो तुमचा टक्का काढून द्या. आणि यांना कळू देऊ नका."

भालचंद्ररावांनी आतून डोकावून पाहिलं. फाइलच्या जाडीवरून त्यांना सगळं उमगलं असावं, कारण ते लगेच तिघांसाठी चहा टाकायला गेले.

कालिंदीबाईंनी चष्मा लावला. "बुडालेल्या कंपन्या कुठल्या पानावर आहेत?"

"ती पानं यांनी वेगळी ठेवलीयेत," हेमाताई म्हणाल्या आणि पदराआडून दुसरी, पहिलीपेक्षा जाड फाइल काढली.