रेगुला जिंकलीही होती

रेगुला गेली, आणि सकाळपासून सगळे ती पडल्याचीच क्लिप फॉरवर्ड करतायत.

राग येतोय. म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेगुला आमच्या सईची स्की कोच. मूळची स्वित्झर्लंडची. तरुणपणी तिथल्या नॅशनल टीममधून रेस करायची. रिटायर झाल्यावर नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबईत आली आणि मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर मुलांना शिकवायला लागली.

बाहेर अंग भाजतंय, आणि आत ही बाई जाडजूड जॅकेट घालून, "यल्ला, चल सई, गुडघे वाकव."

इथल्या अल बर्शा भागातल्या आम्हा पालकांसाठी ती नुसती "रेगुला मॅम". तिच्या देशात ती किती फेमस आहे, ते एका टुरिस्टमुळे कळलं.

एक स्विस आजोबा तिला बघून थबकले. डोळ्यांत पाणी. तिचा हात सोडेचनात. सेल्फी काढून गेले, तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"तू पडलीस त्या दिवशी मी तिथे होतो, म्हणाले."

मग तिने सांगितलं. खूप मोठी रेस होती. जिंकतच आली होती, आणि शेवटच्या वळणावर पडली. एक स्की निसटली. ती काखेत धरून, रडत रडत, चालत फिनिश लाइन ओलांडली.

त्या दिवसापासून अख्खा देश तिच्या प्रेमात. जाहिराती, मुलाखती, सगळीकडे तेच दृश्य.

"छानच की," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी तीच रेस मी जिंकले. ते कुणी विचारत नाही. लोकांना मी रडतानाच आवडते."



गेल्या वर्षी मुलांच्या रेसमध्ये सई पडली. जोरात. आमचे शेजारी मंदारदादा मोबाइलवर शूट करत होते.

रेगुलाने सईला उभं केलं, मनगट तपासलं, आणि तडक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"डिलीट करा."

"अहो मॅम, फॅमिली ग्रुपसाठीच घेतलाय."

"तुम्ही दोन दिवसांत विसराल. तिला तो आयुष्यभर बघावा लागेल."

व्हिडिओ जाईपर्यंत ती हलली नाही.

मग सईला म्हणाली, "खलास, झालं ते झालं. आता परत वर जा."

सई गेली. दुसऱ्या फेरीत शेवटून दुसरी आली. तो व्हिडिओ रेगुलाने स्वतः घेतला.

या उन्हाळ्यात ती ट्रीटमेंटसाठी गावी गेली. परत येते म्हणाली होती.

आज पेरेंट्स ग्रुपवर आधी हात जोडलेले इमोजी. त्याखाली ती क्लिप. त्याखाली लगेच, "नवीन कोच कधीपासून?"

मी लिहिलं, "प्लीज, क्लिप काढा."

उत्तर आलं, "अगं, किती इन्स्पायरिंग आहे."

सईने शाळेतून आल्यावर ते वाचलं. "दे डोन्ट ईव्हन नो शी वन, आई. जिंकली होती ती." एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. जेवली नाही.

मग मी रेगुलाच्या नवऱ्याला मेसेज केला. अशा वेळी मागू नये, पण मागितला. जिंकल्याचा फोटो आहे का?

लगेच आला. सोबत एक ओळ: "आज सगळ्यांनी फोन केले. हा फक्त तुम्हीच मागितलात."

तोच खाली टाकतेय. सगळ्यात उंच पायरीवर ती उभी आहे. केस विस्कटलेले, तोंड उघडं, गर्दीतल्या कुणाला तरी मोठ्याने हाक मारतेय.

शेअर करायचंच असेल तर हा करा.

रेगुला, तुला सईचा आणि माझा शेवटचा नमस्कार.