वडनेरचं ऑलिंपिक

वडनेर भोलजीच्या उत्तमराव मास्तरांना एकच खूळ होतं, ऑलिंपिकचं. स्वारी मलकापूरच्या पुढे कधी गेली नाही, पण ग्रीस देश नांदुऱ्याच्या वाटेवरच असल्यासारखी बोलायची. "अबे, तिथं दर चार वर्सांनी शर्यती होत. जिंकनाऱ्याले काय, त झाडाच्या पाल्याचा मुकुट! हजार वर्सं चाललं. मंग रोमच्या बादशहानं बंद पाडलं, अन् पंधराशे वर्सांनी अथेन्सले पुन्हा सुरू झालं." गणिताच्या तासालाही हेच. पोरं खूश, पाढे टळायचे.

चाळीस साली पेपरात आलं, लढाईमुळे यंदाचं ऑलिंपिक रद्द. मास्तर असे भडकले की विचारू नका! ग्रीसमध्ये शर्यतीची दवंडी फिरली की लढाया थांबत, आणि हे शहाणे लढाईसाठी शर्यत थांबवतात? "मंग वडनेरले घेतो मी!" म्हणाले, आणि दवंडी पिटवलीसुद्धा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धावण्याची शर्यत. तोवर गावात भांडण बंद. भांडेल तो बाद.

नियम गावाला, पण निशाण्यावर होते पुंजाजी आणि उकंडराव, सख्खे भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या हातभर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सात वर्षांचं वैर. दर पेरणीला कोणाचं तरी डोकं फुटायचंच. पळण्यात दोघंही गावात एक नंबर. भावाला चारचौघांत हरवायच्या हौसेपायी दोघांनी हात आवरले. पेरणी बिनबोभाट उरकली. पोळ्याला तर आईच्या हातची पुरणपोळी दोघांनी एका पंगतीला बसून खाल्ली. बोलले मात्र नाहीत.

शर्यतीच्या सकाळी ती आई, रुखमाबाई, मास्तरांच्या दारात उभी. "मास्तर, शर्यत घेऊ नोका."

"काऊन? जलमभर वाट पाह्यली मी या दिवसाची!"

"हाव. पन एक जिंकन, त दुसरा हरन ना! हरन तो उद्याच धुऱ्यावर कुऱ्हाड घेऊन जाईन. सात वर्सांनी लेकरं एका पंगतीले बसली, बापा!"

मास्तर चिडले. चिडणारच की! तरातरा मैदानावर गेले. सारा गाव लोटला होता. रेघेवर दोघे भाऊ धोतराचा काष्टा मारून तयार. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, काढली, पुन्हा लावली. रडूच येत होतं त्यांना. शेवटी ओरडले, "शर्यत रद्द!"

"काऊन?" सारा गाव.

"माही मर्जी!"

मग काय, लोक तुटूनच पडले. पुंजाजी उसळून म्हणाला, "मास्तर सटकला बे!"

"सटकला काय," बाजूचा उकंडराव म्हणाला, "हा पयलेपासूनच येडा हाये!"

सात वर्षांत भाऊ भावाशी पहिल्यांदा बोलला होता. दोघं मास्तरांचा उद्धार करत सोबतच घराकडे निघाले, आणि मास्तर आपल्याला पडणाऱ्या शिव्या ऐकू येईनाशा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.