चंदन हवालदाराचं वेषांतर

हवालदार चंदन उरकुडे पोलिसात आला तो मारामारीचे परदेशी सिनेमे पाहून. त्यातला पोलीस वेष बदलून टोळीत शिरतो, सख्ख्या भावाला कराटेने लोळवतो आणि रडत रडत बेड्या घालतो. ते रडणं चंदनने आरशासमोर पाठ केलं होतं.

अखेर संधी आली. दारूबंदीच्या या जिल्ह्यात बबनराव कारंजा गावाजवळच्या ढाब्यामागे, राहत्या घरी चोरून दारू विकायचा. बबनराव चंदनच्या बायकोचा काका होता, पण वर्दीपुढे नातं कसलं? चंदनने खोटी दाढी चिकटवली, फाटकी लुंगी नेसली आणि भरदुपारी अंगणात जाऊन बाटली मागितली.

बबनरावाची बायको मनकर्णाबाई त्याला न्याहाळून आत गेली आणि परात-तांब्या घेऊन आली. "पाय धुवा, जवाईबापू. अन् दाढी काऊन वाढवली?"

पाय धुतलेला जावई जेवल्याशिवाय उठत नसतो. वर्दी की घर, हे ठरवायला सिनेमातल्या पोलिसाला तासभर लागतो. चंदनचं दुसऱ्या पुरणपोळीलाच ठरलं.

संध्याकाळी त्याने साहेबांना सांगितलं, दारू मिळून आली नाही. साहेब त्याच्या खांद्यावरचा जावयाच्या मानाचा कोरा, कुंकू लागलेला दुपट्टा पाहत होते.

"वेषांतर हाय, साहेब," चंदन म्हणाला.

साहेबांनी समजून मान हलवली. त्यांच्या कपाटातही सासरच्या गावची अशी तीन वेषांतरं घडी करून ठेवलेली होती.