रस्सीचं कुसळ

माझी गावात पिठाची गिरणी. धाकटा भाऊ जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात. भट्टीच्या दाराला अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी रस्सी असायची. ती जळाली की खरवडून काढायची आन् नवी ठोकायची, हे त्याचं काम. जवानी त्यातच गेली.

सुट्टीला आला की पिठानं पांढऱ्या झालेल्या माझ्या भुवया बघून म्हणायचा, "दादा, तू तर आत्ताच म्हातारा झाला. पीठ खाऊन मरशील एक दिवस."

"मी पीठ तरी खातो. तू काय खातो?"

तो हसायचा. पुढं पुढं हसताना त्याला धाप लागायला लागली. आष्टीच्या बाजारातून पिशवी घेऊन निघाला तर वाटेत बसायचा. शेवटी मीच त्याला जालन्याला मोठ्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं त्याला बाहेर बसवलं आन् मला आत घेतलं. "काका, ह्यांच्या छातीत रस्सीची धूळ आहे."

मी म्हणलो, "धूळ माझ्या छातीत जास्त असंल. मला का होत न्हाई मंग?"

मी काही कोणाचं ऐकून घेणारा माणूस न्हाई. पण त्यानं बराबर समजावलं. धुळीचा आकार बघा म्हणाला. पीठ खोकल्यानं बाहेर पडतं. रस्सीचा कण सुईसारखा, डोळ्याला न दिसणारा. अंगात गिळणाऱ्या पेशी असतात. आखूड, गोल कण त्या गिळून टाकतात. सुई पेशीहून लांब. अर्धी आत, अर्धी बाहेर. पेशी मरते, सुई तशीच. दुसरी पेशी येते, तीपण मरते. असं करून करून छाती आतून कडक होते.

"मंग काढा ती."

"निघत नाही, काका."

"मंग शिकला कशाला एवढं?" म्हणून मी उठलो.

एसटीत भावानं विचारलं, "काय म्हणला?" मी ऊस-कापसाचं बोलणं काढलं. त्यानं परत विचारलं.

"कुसळ हाय म्हणला. रस्सीचं."

गवत कापून आलो की धोतरातली कुसळं आम्ही दोघं वेचत बसायचो. एकदा शिरलं की आतच सरकतं.

"कुसळ निघतं की दादा, चिमट्यानं."

मी कंडक्टरकडं बघत राह्यलो. भाऊ खिडकीतून रानं बघत म्हणाला, "औंदा ज्वारी काढायला माणूस लाव."

"गप बस. तूच काढणार."

ज्वारी हुरड्यात आली तवा तो गेला. मी माणूस लावला न्हाई. एकट्यानं काढली. राहिली ती पाखरांनी खाल्ली.