मावशीची पाठ

माझी मावशी हल्ली पाठमोरी एक शब्द बोलत नाही. दूध उतू जाऊ दे, आधी पूर्ण वळणार आणि मगच बोलणार. घरातले हसतात. मला हसू येत नाही.

मावशी गणिताची बाई होती. फळ्यावर लिहिता लिहिताच ती शिकवायची. खडूही थांबायचा नाही आणि तोंडही. पाठ असूनही मागे कोण चुळबुळ करतंय ते तिला कळायचं, आणि त्याचा तिला भलताच तोरा होता. मी तिच्याच वर्गात होते, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे.

सहावीत आमच्या वर्गात शिंप्याची मुलगी आली. तिला ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. मुख्याध्यापकांनी अट घातली, वर्षअखेर पास झाली तर राहील, नाहीतर दूरच्या मूकबधिर शाळेत, वसतिगृहात.

"बाई, घरापासून तोडू नका तिला," शिंपी म्हणाला.

"माझ्यावर सोडा," मावशीने सांगितलं. मुलीला पहिल्या बाकावर बसवलं आणि आपलं काम झालं, असं समजून पुन्हा फळ्याकडे वळली.

मुलीची वही म्हणजे हुबेहूब फळा. दर शनिवारी वह्या तपासताना मावशी मला टोमणा मारायची, "बघ, नाहीतर तुझे कोंबडीचे पाय!" वार्षिक परीक्षेत मात्र मुलगी गणितात नापास झाली. 'उतरवते, पण समजत नाही,' हा शेरा मावशीनेच लिहिला. मुलगी वसतिगृहात गेली.

सुट्टीत मावशी आणि मी वर्गाचं कपाट आवरत होतो, तेव्हा वर्षअखेर जमा केलेली त्या मुलीची वही सापडली. प्रत्येक गणिताशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे बाई बोलल्या. दिसलं नाही.' पानापानावर तेच. आणि प्रत्येक पानाखाली मावशीची लाल सही.

मावशीने वही उचलली. मग तशीच शिंप्याच्या दुकानात गेली, मी मागोमाग.

"अहो, मला एकदा तरी सांगायचं होतंत!" ती जवळजवळ ओरडलीच.

शिंप्याने मशीन थांबवलं. "ती लिहून देत होती ना, बाई. तुमची सही आली की मला दाखवायची. म्हणायची, बाईंनी वाचलं, आता सोमवारी नक्की वळतील."